टोकामॅकमधल्या रेडिओ लहरी घरच्या संगणकावर: कामाच्या नोंदी, ठाणे २०२४

७ एप्रिल, रविवार

आधी काम काय ते. टोकामॅक म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन यांचा गरम वायू) कडीच्या आकारात कोंडून ठेवणारं यंत्र. त्यातल्या प्लाझ्मात अँटेनातून रेडिओ लहर सोडली तर ती कुठवर पोचते, कुठे अडते आणि तिची शक्ती नेमकी कुठल्या आयनांच्या पदरात पडते, हे घरच्या संगणकावर काढायचं. वारंवारता आयन सायक्लोट्रॉनच्या पट्ट्यातली, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात आयन ज्या वारंवारतेने गोल फिरतात तिच्या आसपासची. प्रोटॉनला दर टेस्लामागे १५.२५ मेगाहर्ट्झ, ड्यूटेरियमला त्याच्या निम्मी. मोठ्या प्रयोगशाळांकडे यासाठी टोरिक, एओर्सा असे मुरलेले कोड आहेत. पण दुसऱ्याचा कोड चालवून चित्र मिळतं, ते चित्र खरं का मानायचं हे मात्र कळत नाही. म्हणून पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायचं ठरवलंय.

मी महापे एमआयडीसीत आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) टेस्टिंगचं काम करतो, राहतो ठाण्यात पाचपाखाडीला. प्लाझ्माचं भौतिकशास्त्र पाहायला भाची आहे. ती ऐरोलीला राहते, एमएस्सीला आहे, रविवारी ट्रान्स-हार्बर पकडून येते.

सामान: सहा कोअरचा जुना डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, उबुंटू. पायथन, नमपाय, सायपाय. दोन मितींसाठी पुढे एनजीसॉल्व्ह वापरणार. फुकट आहे आणि पिपने एका ओळीत बसतं. आजवरचा खर्च शून्य.

१४ एप्रिल

सुरुवात एका मितीपासून, तीही टोकामॅकशिवाय. बडनचं समीकरण घेतलं. लहरीच्या वाटेत आधी कट-ऑफ लागतो, जिथून पुढे ती सरकत नाही, नुसती विझत जाते, आणि त्याच्या थोडं मागे अनुनाद, जिथे तिची लांबी शून्याकडे जाते आणि शक्ती जिरते. या गणिताचं उत्तर कागदावर पूर्ण सुटतं, म्हणून कोड तपासायला याहून चांगली जागा नाही. लांबची तरंगसंख्या गुणिले कट-ऑफ ते अनुनाद हे अंतर, याला ईटा म्हणू. ईटा ०.२२ ठेवला की निम्मी शक्ती पार जाते. लहर कट-ऑफच्या बाजूने आली असेल तर पाव परतते आणि पाव अनुनादात जिरते. तीच लहर उलट्या बाजूने सोडली तर काहीच परतत नाही. निम्मी पार, निम्मी जिरते. कट-ऑफच्या बाजूने येणाऱ्या लहरीची पावापेक्षा जास्त शक्ती अनुनादात कधीच जिरत नाही, ईटा काहीही ठेवा.

अनुनादापाशी समीकरणात भागिले शून्य येतं. त्यावर उपाय म्हणजे थोडं घर्षण घालायचं, म्हणजे वारंवारतेला छोटा काल्पनिक भाग द्यायचा. घातला. पहिल्याच रनमध्ये परतलेली आणि पार गेलेली शक्ती मिळून शंभर टक्क्यांच्या वर गेली. प्लाझ्मा शक्ती खाण्याऐवजी देत होता.

कारण शोधण्यात दुपार गेली. आम्ही आरएफवाले लहरीचा काळाशी असलेला भाग अधिक जे ओमेगा टी असा लिहितो, प्लाझ्माची पुस्तकं उणे आय ओमेगा टी. लहर बाहेर जाऊ देणारी सीमा अट मी हाताच्या सवयीने लिहिली होती आणि घर्षण पुस्तकातून घेतलं होतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, एकत्र चूक. आता सगळा कोड उणे आय ओमेगा टी मध्ये, आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत तसं लिहून ठेवलंय.

आरएफमधून या विषयात येणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं. हे चिन्ह फक्त घर्षणापुरतं नसतं. पुढे डावीकडे फिरणारं आणि उजवीकडे फिरणारं क्षेत्रही यानेच ठरतं. आयन डावीकडे फिरणाऱ्या घटकातून शक्ती घेतात. तिथे चिन्ह उलटं पडलं तर उत्तर चुकतं आणि चित्र मात्र छान दिसतं.

२१ एप्रिल

बेरीज आता शंभर होते, पण वाटणी जमत नाही. पार जाणारी निम्म्याच्या जवळ, परतणारी पावापेक्षा बरीच जास्त. मेश (गणितासाठी जागेचे पाडलेले तुकडे) दुप्पट बारीक केला, आकडा हलला नाही. ज्या जागेत गणित सोडवतो तिची लांबी दुप्पट केली, थोडा सुधारला. लांबी चौपट केली, अजून थोडा.

लांबीने फरक पडतो म्हणजे दोष टोकाला आहे. बडनच्या समीकरणात अनुनादाचा परिणाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणजे फार सावकाश. मी टोकाला अनंतावरची तरंगसंख्या धरून सीमा अट लावली होती, पण त्या जागी लहरीची तरंगसंख्या अजून वेगळी होती. त्या बिंदूवरची स्थानिक तरंगसंख्या वापरली तेव्हा मूळच्या लांबीतच आकडे पहिल्या तीन अंकांपर्यंत जुळले.

मग घर्षण कमी-जास्त करून पाहिलं. घर्षण दहापट कमी केलं तर शक्ती जिरण्याचा पट्टा दहापट अरुंद होतो, पण जिरणारी एकूण शक्ती तीच राहते. भाचीला हे आधीपासून माहीत होतं, मला डोळ्यांनी बघितल्यावर पटलं. अट एकच: त्या अरुंद पट्ट्यात पुरेसे बिंदू हवेत. माझ्याकडे दहाच्या खाली गेले की शोषण मेशप्रमाणे डोलायला लागतं. घर्षण घटवत नेऊन मेश तसाच ठेवला तर मिळणारं उत्तर मेशचं असतं, प्लाझ्माचं नसतं.

५ मे

आता खरा प्लाझ्मा, अजून एकाच मितीत. यंत्र कुठलं घ्यायचं यावर चर्चा झाली. आपलं म्हणून गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला एसएसटी-१ घेतला. आराखड्यातले आकडे: मोठी त्रिज्या १.१ मीटर, छोटी ०.२० मीटर, चुंबकीय क्षेत्र ३ टेस्ला. म्हणजे मधोमध प्रोटॉनची वारंवारता ४५.७ मेगाहर्ट्झ. ड्यूटेरियमच्या प्लाझ्मात थोडा हायड्रोजन मिसळायचा आणि लहर हायड्रोजनच्या वारंवारतेवर सोडायची. याला मायनॉरिटी हीटिंग म्हणतात. नुसत्या ड्यूटेरियममध्ये ड्यूटेरियमच्याच मूळ वारंवारतेवर तापवायला गेलं तर प्लाझ्मा नेमका तो डावीकडे फिरणारा घटकच अनुनादापाशी मारून टाकतो, म्हणून ही वाट.

लहर आत गेलीच नाही. कोड तपासला, ठीक. मग वहीवर हिशेब केला आणि कारण दिसलं. घनता दर घनमीटरला १०चा १९वा घात धरली तर या वारंवारतेच्या जलद लहरीची, म्हणजे शक्ती मध्यापर्यंत नेणाऱ्या लहरीची, लांबी येते जवळपास ३२ सेंटिमीटर, आणि प्लाझ्मा रुंद ४० सेंटिमीटर. शिवाय टोरसभोवती, म्हणजे कडीच्या पूर्ण घेरात, दहा लाटा बसतील असं अँटेनाचं फेजिंग (शेजारच्या पट्ट्यांतल्या धारांच्या फेजमधला फरक) धरलं तर साधारण ०.६४ गुणिले १०चा १९वा घात या घनतेखाली लहर पुढे सरकतच नाही, नुसती विझत जाते. अर्ध्याहून जास्त प्लाझ्मा तिच्यासाठी बंद. टोरसभोवतीच्या लाटा कमी केल्या तर बंद पट्टा अरुंद होतो, पण मग हायड्रोजनचं शोषणही घटतं.

यात यंत्राचा दोष नाही. मी निवडलेली घनता आणि फेजिंग त्या आकाराला बसत नव्हती. पण शिकायला घेतलेल्या पहिल्या उदाहरणात आत निदान चार-सहा लांब्या बसल्या पाहिजेत, नाहीतर बघण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून एमआयटीच्या अल्केटर सी-मॉडचे आकडे घेतले. हे यंत्र २०१६ मध्ये बंद झालं. मोठी त्रिज्या ०.६७ मीटर, छोटी ०.२२, क्षेत्र ५.४ टेस्ला, अँटेना ८० मेगाहर्ट्झची. मधली घनता २ गुणिले १०चा २०वा घात धरली की लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर होते; प्लाझ्मात सहा बसतात. लहर विझण्याचा पट्टा कडेला काही सेंटिमीटरचा उरला. क्षेत्र त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं, म्हणून हायड्रोजनचा अनुनाद ०.६९ मीटरवर, मध्याच्या दोन सेंटिमीटर बाहेर. ५ टक्के हायड्रोजन असेल तर त्याच्या अडीच सेंटिमीटर आत दोन आयनांचा मिळून होणारा हायब्रिड अनुनाद. वहीवर काढलेल्या या जागा आणि कोडमधून आलेल्या जागा मिलिमीटरपर्यंत जुळल्या.

हे वहीचं काम आधी करावं. कोडने उत्तर दिल्यावर केलं की माणूस नकळत जुळवून घेतो.

२० मे, सोमवार

ठाण्यात मतदान. सकाळीच मत देऊन आलो आणि दिवसभर दोन मितींचं काम.

टोरसचा उभा काप घ्यायचा, टोरसभोवतीच्या लाटा हाताने ठरवायच्या, म्हणजे तीन मितींचं गणित दोनमध्ये येतं. विद्युतक्षेत्राचे तिन्ही घटक मी साध्या, कोपऱ्यांवर किमती ठेवणाऱ्या एलिमेंटने (मेशच्या एकेका तुकड्याने) मांडले. स्ट्रक्चरलवाले वापरतात तेच. चित्रात अँटेनासमोर लहरीच्या रेषा दिसल्या आणि त्यांच्यावर सगळीकडे बारीक ठिपके. मेश बदलला की ठिपके दुसरीकडे.

मला वाटलं घर्षण वाढवावं. वाढवलं, ठिपके फिके झाले. भाची म्हणाली, "मामा, तू डाग धुतोयस. प्लाझ्मा काढून टाक आणि रिकामा डबा सोडवून बघ."

तसं केलं. पाव मीटर त्रिज्येची सरळ धातूची नळी, आत निर्वात. नळीच्या लांबीत काहीच न बदलणारे मोड (नळीत आपोआप टिकणाऱ्या लहरींचे आकार) घेतले तर त्यातली सगळ्यांत खालची वारंवारता ३५१.४ मेगाहर्ट्झ असते, ही टीई-११. टीएम-०१ असते ४५९ मेगाहर्ट्झवर. हे आकडे बेसल फंक्शनच्या शून्यांवरून येतात, आरएफमध्ये रोजचे. ३५१ च्या खाली काहीही नसायला हवं. माझ्या कोडने तिथे डझनावारी मोड दाखवले. मेश बारीक केला तर त्यांची संख्या वाढली.

हे खोटे मोड. साध्या एलिमेंटने क्षेत्राचा प्रत्येक घटक कडेपलीकडे सलग ठेवला जातो. खऱ्या विद्युतक्षेत्राचा कडेला समांतर भाग सलग असतो, काटकोनातला भाग उडी मारू शकतो. ती मोकळीक न देता कर्ल-कर्ल समीकरण (मॅक्सवेलचं लहरीचं समीकरण) सोडवलं की असा कचरा जमतो. उपाय जुना आहे: नेडेलेकचे एज एलिमेंट, ज्यात किमती कोपऱ्यावर न ठेवता कडेवर ठेवतात. कापाच्या पातळीतले दोन घटक एज एलिमेंटमध्ये आणि टोरसभोवतीचा घटक साध्या एलिमेंटमध्ये, तोही त्रिज्येने गुणून. एनजीसॉल्व्हमध्ये हे दोन ओळींत लिहिता येतं. बदलल्यावर ३५१.४ आणि ४५९.० मिळाले आणि खाली काही नाही. शून्य वारंवारतेवरचा ढीग उरतो, तो ग्रेडियंटचा, म्हणजे स्थिर क्षेत्रांचा; तो अपेक्षित आहे.

प्लाझ्मा परत घातला. ठिपके गेले. घर्षण वाढवून ते मी लपवले असते, तर पुढचं सगळं काम त्याच पायावर उभं राहिलं असतं.

२ जून

ठिपके पूर्ण गेले नव्हते. अँटेनाच्या अगदी समोर एक पातळ, चमकदार पट्टी उरली होती आणि मेश बारीक केला की तीही बारीक होत जायची.

ती खोटी नव्हती. कडेला घनता शून्यापासून चढत जाते. आपली वारंवारता ड्यूटेरियमच्या वारंवारतेच्या वर असल्यामुळे चढताना एका ठिकाणी डायइलेक्ट्रिकचा चुंबकीय क्षेत्राला काटकोनातला भाग, ज्याला प्लाझ्मा लहरींचं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या स्टिक्सच्या मांडणीत एस म्हणतात, एकापासून खाली येत शून्य ओलांडतो. तो लोअर हायब्रिड अनुनाद. सी-मॉडच्या आकड्यांना तो १०च्या १७व्या घाताच्या घरातल्या घनतेवर येतो, म्हणजे मधल्या घनतेच्या हजारपट खाली. तिथे मंद लहर, म्हणजे याच वारंवारतेची प्लाझ्मातली दुसरी लहर, अतिशय आखूड होते, कुठल्याही परवडणाऱ्या मेशपेक्षा आखूड.

इथे सोय म्हणून एक तडजोड केली. निर्वातापासून एकदम त्या घनतेच्या वर उडी मारायची आणि चढ तिथून सुरू करायचा. कडेचं खरं भौतिकशास्त्र यात हरवतं, ते मान्य. मध्यात पोचणाऱ्या लहरीवर याचा परिणाम माझ्या रनमध्ये टक्क्याच्या आत राहिला. ज्याला अँटेनासमोरचंच काही काढायचंय त्याने हे करू नये.

९ जून

दोन गोष्टी वाया. पहिली, वेळ. मेश सगळीकडे सारखा बारीक करत गेलो, अज्ञातांची संख्या तीस लाखांवर गेली आणि १६ जीबी रॅममध्ये डायरेक्ट सॉल्व्हर (सगळी समीकरणं एका दमात सोडवणारा) मावेना. म्हणून पुनरावृत्तीने सोडवणारा जीएमआरईएस लावला. तो सुरुवातीला थोडा उतरतो आणि मग तिथेच घुटमळतो. वेगवेगळे प्रीकंडिशनर लावून पाहिले, काही उपयोग झाला नाही. लहरींच्या समीकरणांचा मॅट्रिक्स धन-ऋण मिश्र असतो. उष्णतावहनात चालणाऱ्या युक्त्या इथे चालत नाहीत. दोन मितींत डायरेक्ट सॉल्व्हरच वापरा, त्यात पर्डिसो चांगला चालतो.

दुसरी, पैसे. लॅमिंग्टन रोडवरून ६४ जीबी रॅम आणली, साडेबारा हजार. रन मावला. पण त्याच आठवड्यात भाचीने मेशची फाइल बघितली आणि विचारलं, बारीक मेश हायब्रिडच्या पट्ट्यापुरताच का नाही. बडनमध्ये जे एका मितीत केलं होतं तेच दोन मितींत करायचं होतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर बारीक, बाकी लांबीला आठ-दहा एलिमेंट आणि तिसऱ्या ऑर्डरचे फलन. अज्ञात तीन लाखांच्या आत आले आणि रन जुन्या रॅममध्येही आरामात मावला. आधी मेश बघा, मग दुकानात जा.

१६ जून

पहिल्या जोराच्या पावसात रात्री वीज गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, रात्रभराचे रन गेले. नवी बॅटरी अकराशे. आता प्रत्येक रनचं उत्तर सुटल्या सुटल्या डिस्कवर लिहितो.

२३ जून

शक्तीचा ताळेबंद. आतापर्यंत मी चित्रं बघत होतो आणि ती पटत होती. आज अँटेनाने दिलेली शक्ती आणि प्लाझ्माने घेतलेली शक्ती वेगवेगळ्या काढल्या. पहिली विद्युतधारा आणि क्षेत्र यांच्या गुणाकारावरून फक्त अँटेनाच्या पट्टीवर, दुसरी संपूर्ण प्लाझ्मावर. भिंत आदर्श वाहक, म्हणजे बाहेर काही जात नाही. दोन्ही सारख्या यायला हव्यात. माझ्याकडे दुसरी पहिलीच्या जवळपास सत्तर टक्के आली, आणि मेश बदलला की प्रमाण बदलायचं.

भाचीचं म्हणणं, "रंग नंतर दाखव. आधी बेरीज दाखव." तेव्हापासून हाच नियम आहे. प्रत्येक रनच्या शेवटी कोड आधी दोन शक्ती आणि त्यांतला फरक छापतो. फरक एका टक्क्याच्या वर असेल तर चित्र काढतच नाही.

दोष अँटेनात होता. मी प्लाझ्मासमोर उभी पट्टी ठेवून तिच्यात वर-खाली वाहणारी धारा दिली होती. पट्टीची दोन्ही टोकं हवेत लोंबत होती. धारा टोकाला एकदम संपली की तिथे भार साठतो. कोडने तो इमानाने साठवला आणि टोकांभोवती प्रचंड स्थिर क्षेत्र उभं केलं. मेश जितका बारीक तितकं ते मोठं. खऱ्या अँटेनात पट्टी एका टोकाला भिंतीशी जोडलेली असते आणि दुसऱ्या टोकाला फीडर येतो. धारेला दोन्ही टोकांना वळवून भिंतीत नेलं, वाट पूर्ण केली. ताळेबंद अर्ध्या टक्क्याच्या आत आला.

रोज अँटेना हाताळणाऱ्या माणसाच्या हातूनही हे सुटतं, कारण प्रत्यक्षात तांबं कापून हवेत सोडलं तर धारा आपोआप टोकाला शून्य होते. कोडमध्ये धारा आपण हाताने लिहितो. आपण सांगू ती वाहते.

७ जुलै

तीन जुलैला इटरचं, म्हणजे फ्रान्समध्ये बांधल्या जात असलेल्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकचं, नवं वेळापत्रक जाहीर झालं. संशोधनाची सुरुवात आता २०३४ ला. आतली भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनची असणार हेही त्यात आहे. टंगस्टन जड मूलद्रव्य. त्याचे थोडे अणू जरी प्लाझ्मात शिरले तरी ते प्रकाशाच्या रूपात भरपूर उष्णता बाहेर फेकतात. रेडिओ अँटेना आसपासच्या भिंतीवर आयनांचा मारा वाढवते हा या पद्धतीचा जुना प्रश्न, आणि जी कड मी दोन जूनला उडी मारून टाळली तिथेच तो घडतो. भारत इटरसाठी आयन सायक्लोट्रॉनचे रेडिओ स्रोत करतो आहे, त्यामुळे ही कड आपल्याकडच्या कुणीतरी नीट सोडवावी असं मनापासून वाटतं. माझ्या कोडची ती कुवत नाही.

८ जुलै

रात्रभर पाऊस, मध्य रेल्वे कोलमडली, ऑफिस नाही. घरी बसून घर्षण काढून टाकायला घेतलं.

इथवर शक्ती कुणाला मिळते हे घर्षण ठरवत होतं, म्हणजे मीच ठरवत होतो. खऱ्या गरम प्लाझ्मात हायड्रोजनचे आयन क्षेत्राच्या दिशेने धावत असतात, त्यामुळे प्रत्येकाला लहरीची वारंवारता डॉप्लरने थोडी वेगळी दिसते आणि अनुनाद एका रेषेवर न राहता पसरतो. २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट तापमान आणि टोरसभोवती दहा लाटा धरल्या तर दोन्ही बाजूंना सुमारे १.३ सेंटिमीटर. हायब्रिडचा थर तिथून अडीच सेंटिमीटरवरच, म्हणजे दोघांचं एकमेकांत मिसळणं आलंच. यासाठी फ्रीड आणि कॉन्टे यांचं झेड फंक्शन लागतं. सायपायमधल्या डब्ल्यूओएफझेड या फंक्शनला पायच्या वर्गमुळाने आणि आयने गुणलं की ते मिळतं.

एनजीसॉल्व्हमध्ये हे फंक्शन तयार नाही. म्हणून त्रिज्येप्रमाणे तक्ता केला आणि मधल्या किमती सरळ रेषेने भरल्या. तक्त्यातलं अंतर एक सेंटिमीटर ठेवलं होतं. दीड-दोन सेंटिमीटरचा डोंगर एक सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी चढला तर शिखर कापलं जातं. शोषण कमी येत होतं आणि तक्ता थोडा सरकवला की बदलत होतं. अंतर अर्धा मिलिमीटर केलं आणि प्रश्न मिटला.

२१ जुलै

टोरसभोवती अधिक दहा लाटांचा रन उत्तम. ताळेबंद जुळतो, शक्तीचा मोठा वाटा हायड्रोजनला, पट्टा ०.६९ मीटरभोवती. मग उणे दहाचा रन घेतला. चुंबकीय क्षेत्राचा टोरसच्या दिशेला काटकोनातला, म्हणजे कापाच्या पातळीतला (पोलॉइडल) छोटा भाग मी अजून धरलेला नाही, त्यामुळे अधिक दहा आणि उणे दहा यांची उत्तरं हुबेहूब सारखी हवीत. उणे दहाला हायड्रोजन शक्ती देऊ लागला.

आणि ताळेबंद तरीही जुळत होता! दोन्ही बाजू एकाच चुकीच्या चिन्हाने काढल्या जात होत्या. ताळेबंद जुळला की काम झालं असं धरणाऱ्याने ही नोंद पुन्हा वाचावी. शक्ती कुठल्याही आयनासाठी उणे येता कामा नये ही तपासणी वेगळी ठेवावी लागते.

चूक झेड फंक्शनच्या आत होती. त्यात क्षेत्राला समांतर तरंगसंख्येने भागतात, आणि तिथे तिची निव्वळ किंमत, म्हणजे चिन्ह काढून टाकलेली, घ्यावी लागते. कणांच्या वेगांवर बेरीज करताना ध्रुवाच्या कुठल्या बाजूने जायचं ते यावर अवलंबून असतं. एका शब्दाची दुरुस्ती. आता अधिक आणि उणे दहा शेवटच्या अंकापर्यंत सारखे येतात आणि ही जोडी मी प्रत्येक बदलानंतर चालवतो.

१५ ऑगस्ट

एका लाटेच्या रनला या यंत्रावर तीन मिनिटं लागतात. खऱ्या अँटेनातून एकच लाट निघत नाही. शेजारच्या पट्ट्या उलट फेजमध्ये चालवल्या तर शक्ती अधिक-उणे दहाच्या आसपास गोळा होते, पण शून्याजवळही थोडी पडते. उणे वीस ते अधिक वीस असे सगळे रन रात्रभरात सोडवून अँटेनाच्या वाट्याप्रमाणे बेरीज केली.

दहाच्या आसपासच्या लाटा पहिल्याच फेरीत बऱ्याचशा जिरतात. आतल्या बाजूपर्यंत पोचताना क्षेत्र स्पष्ट घटलेलं दिसतं. एक-दोनच्या लाटांत डॉप्लरचा पसारा फार अरुंद, म्हणून लहर पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येते आणि सबंध कापात उभी लहर तयार होते. घनता एक टक्का हलवली तर दहाच्या रनमध्ये अँटेनावरचा भार जवळपास तसाच राहतो, एकच्या रनमध्ये तो दुपटीने वर-खाली होतो. मॅचिंग नेटवर्क ज्याने हाताने ट्यून केलंय त्याला याचा अर्थ लगेच कळेल: अशा भाराशी ट्रान्समीटर जुळवून ठेवणं फार अवघड आहे. फेजिंग निवडताना कमी लाटा टाळायच्या त्या यासाठी. हे वाचलेलं होतं. स्वतःच्या कोडमधून आलेले ते दोन आलेख शेजारी ठेवून बघताना फार आनंद झाला.

८ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती पोचवून बसलो.

बाकी राहिलेलं. क्षेत्राचा काटकोनातला भाग घालायचा आहे. तो आला की हायब्रिडच्या थरापाशी जलद लहरीतून निघणाऱ्या आखूड लहरी दिसतील, पण तिथे समांतर तरंगसंख्या लहरीबरोबर बदलत जाते आणि माझा तक्ता निकामी ठरतो. टोरिकसारखे कोड पोलॉइडल दिशेला फूरिएचे पदर का वापरतात ते आता नीट समजतंय. इटरचा आकार घेतला तर ५.३ टेस्ला, ५३ मेगाहर्ट्झ आणि १०चा २०वा घात या घनतेला लहरीची लांबी १४ सेंटिमीटर, प्लाझ्मा ४ मीटर रुंद. म्हणजे एका दिशेला जवळपास तीस लांब्या. दोन मितींत एका लाटेचा रन ६४ जीबीत मावतो, काल चालवून पाहिला. जूनमध्ये घेतलेली रॅम इथे कामी आली.

एकूण रोख खर्च साडेतेरा हजारांच्या आसपास, विजेचं बिल सोडून.

कोडबरोबर चार तपासण्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत: बडनची वाटणी, रिकाम्या नळीच्या वारंवारता, शक्तीचा ताळेबंद आणि अधिक-उणे लाटांची जोडी. चारही मिळून पंधरा मिनिटांत चालतात. कोड हवा असेल त्याने त्या आधी स्वतःच्या यंत्रावर चालवाव्यात. नळीच्या फाइलमध्ये एनजीसॉल्व्हची जुनी आवृत्ती असेल तर आयगेनव्हॅल्यूचा भाग अडतो, तेवढी आवृत्ती वाढवून घ्यावी.